सीन १९८३चा, नावं मात्र गावातली

पत्राचा गोषवारा : पत्र लातूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातून आलं आहे. लिहिणारे चौतीस वर्षांचे, गावात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. 'जाने भी दो यारो' या सिनेमातला शेवटचा महाभारताचा सीन, म्हणजे स्टेजवर नाटक चालू असताना द्रौपदीच्या लुगड्यात लपवलेल्या मढ्यासाठी होणारी ओढाताण, त्यांचा सगळ्यात आवडता. गावात पाण्याची टाकी बांधून दोन वर्षं झाली, नळाला अजून पाणी नाही, आणि निवडणूक आली तशी टाकीच्या श्रेयावरून ओढाताण सुरू झाली. त्यावर त्यांनी सीनचा तुकडा कापला. द्रौपदीच्या लुगड्यातल्या मढ्यावर 'आपली टाकी' असं लिहिलं, ओढणाऱ्यांवर गावातल्या दोन पुढाऱ्यांची नावं टाकली आणि धृतराष्ट्रावर सोसायटीच्या जुन्या चेअरमनचं. तो तुकडा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि दुकानाच्या नंबरवरून स्टेटसलाही ठेवला. पहिल्या दिवशी लोक हसले. तिसऱ्या दिवशी वातावरण फिरलं. ज्यांची नावं टाकली त्यांच्याच पॅनलचं काम करणारा मोठा चुलतभाऊ 'चौकात उभा राहून हात जोडून माफीचा व्हिडिओ कर' म्हणून मागे लागला आहे. काही जण 'महाभारताची टिंगल केली' म्हणून पोलीस ठाण्यात जायच्या गोष्टी करत आहेत. ग्रुपचे अ‍ॅडमिन जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, ते धास्तावले आहेत. मित्र म्हणतात, अजिबात झुकायचं नाही. बायको म्हणते, सगळे ग्रुप सोडा. पेरणी तोंडावर आली आहे आणि नेहमीची काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात दिसू लागली आहेत. त्यांचा प्रश्न : "मी राजकारणात कुणाचाच नाही. मी फक्त एक सीन टाकला. लोकांना साधा विनोद कळत नसेल तर माफी कशाची मागायची?"

उत्तर :

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिली आहे : "चेअरमन बापूंचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अधू झालेत, पण माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं." माझं उत्तर या ओळीपासून सुरू होतं. बाकीचं, म्हणजे पोलीस, व्हिडिओ, दुकान, हे सगळं त्यानंतरचं.

लोकांना विनोद कळला नाही असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्याच पत्रानुसार पहिल्या दिवशी हसणाऱ्यांत दोन्ही पॅनलची माणसं होती. म्हणजे विनोद कळला. टाकीवरचा तर पुरता कळला. ज्याच्या घरी बायका अजून बोअरवर घागरी भरायला जातात त्याला 'आपली टाकी' असं लिहिलेलं मढं बघून हसू येणारच, आणि त्या हसण्यात राग असणारच. तो राग रास्त आहे. तुमच्या तुकड्यातला हा भाग मला चोख वाटला. त्याबद्दल माफी मागू नका, कुणी कितीही दाबलं तरी.

पण धृतराष्ट्राचं काय झालं ते बघा. मूळ सीनमध्ये तो हसवतो, कारण स्टेजवर इतका गोंधळ चाललेला असताना 'हे काय चाललंय' म्हणून पुन्हापुन्हा विचारणारा तो एकटाच असतो. तुम्हाला म्हणायचं होतं की बापूंच्या नाकाखाली सोसायटीत आणि गावात काय चाललंय ते बापूंना दिसत नाही, किंवा दिसून ते बोलत नाहीत. ही टीका आहे आणि ती करायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र ज्या माणसाची दृष्टी खरोखरच अधू झालेली आहे त्याच्या अंगावर आंधळ्या राजाचं सोंग चढवलं की टीका तिथंच संपते. लोकांना मग कारभार दिसत नाही, काठीच्या आधारानं देवळापर्यंत जाणारे बापू दिसतात. तुमच्या मनात तसं नव्हतं यावर माझा विश्वास आहे. पण बघणाऱ्यासमोर तुमचं मन नव्हतं, नाव आणि चित्र होतं.

दुसरं गृहीतक : 'मी फक्त एक सीन टाकला.' कुंदन शाह यांच्या १९८३च्या त्या सिनेमातला सीन तुम्ही जसाच्या तसा टाकला असता तर हे वाक्य खरं ठरलं असतं. पूर्ण सिनेमा पाहिलेल्याला माहीत असतं की ते मढं एका लाचखाऊ आयुक्ताचं आहे, त्याच्या खुनाचा पुरावा म्हणून दोन साधे फोटोग्राफर ते जपत आहेत आणि खुनाशी ज्यांचा संबंध आहे ते सगळे मागे लागले आहेत. म्हणजे त्या धिंगाण्यात सामान्य माणसाच्या बाजूचे दोघं आहेत, म्हणून आपण त्यांच्यात सामील होऊन हसतो. तुम्ही दोन मिनिटांचा तुकडा कापला, त्यात ते दोघं कोण हे कुणालाच कळत नाही, आणि त्यांच्यावर तुम्ही कुणाचं नावही टाकलं नाही. पाण्यासाठी ताटकळणारं गाव तुमच्या तुकड्यात कुठंच नाही. उरली ती फक्त तीन नावं. कापलेल्या सीनवर नाव चिकटवलं की तो सीन दिग्दर्शकाचा राहत नाही, तुमचा होतो. ते तुमचं राजकीय मत आहे, तसंच मान्य करा. मत असणं गुन्हा नाही, लपवण्यासारखंही नाही.

आणि 'कुणाचाच नाही' याबद्दलही थोडं. टाकीचं काम आधीच्या पॅनलच्या काळात सुरू झालं असं तुम्हीच लिहिलं आहे. तरी तिन्ही नावं आत्ताच्या पॅनलची. तुम्ही ठरवून केलं नसेल. पण गाव नावं मोजतं. चुलतभावाला राग आला त्यातला निम्मा तरी यामुळं आला असावा असं मला वाटतं, आणि तो राग अगदीच खोटा नाही.

आता महाभारताच्या टिंगलीचा आरोप. तो तिसऱ्या दिवशी आला, पहिल्या दिवशी नाही. त्यामुळं तो सगळा बनावट आहे असं मात्र समजू नका. ग्रुपवर वयस्क माणसं आहेत, देवादिकांच्या सोंगातला पोरखेळ काहींना खरोखरच खटकला असेल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आपल्याकडच्या गोष्टीची आठवण द्या. तमाशाच्या गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णाची किती थट्टा करतात, आणि तेच लोक सकाळी हरिपाठाला बसतात. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्मावर चांगलेच तुटून पडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. मराठवाड्याला हे नवं नाही. फरक एवढाच की सोंगाड्या ज्याची थट्टा करतो तो पाटील समोर बसलेला असतो, उठून उत्तर देऊ शकतो, आणि हसणारे सगळे एका मांडवात असतात. तुमचा तुकडा बापूंना नातवानं वाचून दाखवला असेल. त्या वेळी त्यांच्या शेजारी हसणारं कुणी नव्हतं.

शिवाय गावचा ग्रुप ही सोडून जाता येण्यासारखी जागा नसते. मयतीचा निरोप तिथंच येतो, लाइट कधी जाणार ते तिथंच, सोयाबीनचा भाव तिथंच, हरवलेल्या म्हशीचा फोटोही तिथंच. मित्रांच्या ग्रुपवर चालणारी गोष्ट इथं चालत नाही, कारण न आवडणाऱ्याला उठून जायची सोय नाही. हे तुमच्यासारख्या सगळ्यांनाच सांगतो : राजकीय तुकडे, मग ते कितीही हसवणारे असोत, ज्यातून बाहेर पडणं सगळ्यांना सहज शक्य आहे अशा ग्रुपवर टाका.

तर करायचं काय?

पहिले दोन दिवस ग्रुपवर काहीही लिहू नका. खुलासा नको, इमोजी नको, व्हॉइस नोट तर मुळीच नको. व्हॉइस नोट पुढं जाते, तिचा अर्धाच तुकडा ऐकला जातो आणि आवाजातला त्रागा शब्दांपेक्षा जास्त पोचतो. टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची मुदत साधारण दोन दिवसांची असते, ती तुमची निघून गेली आहे. (ज्यांची अजून गेली नसेल त्यांनी डिलीट करावं, पण त्याआधी वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवावा. पुढं कुणी बदललेला तुकडा तुमच्या नावावर खपवला तर तोच कामाला येतो.) तुम्हाला आलेल्या धमक्यांचेही स्क्रीनशॉट ठेवा, कुणाला दाखवत फिरू नका.

या दोन दिवसांत बापूंच्या घरी जा. सकाळी जा, ते चहा घेऊन ओसरीवर बसतात त्या वेळी. दोन्ही घरांना मानणारा एक वडीलधारा माणूस बरोबर घ्या, पॅनलमधला कुणी नको. फोन दुकानात ठेवून जा. आपण असं बोललात तर पुरे :

"बापू, त्या व्हिडिओवर तुमचं नाव टाकलं ते माझं चुकलं. तुमच्या डोळ्यांचं माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. तुम्हाला वाईट वाटलं असणार. मला माफ करा."

इथं थांबा. 'पण टाकीचं तर खरंच आहे ना' हे त्याच दमात बोललात की आधीची चारही वाक्यं वाया जातात. बापू रागावले तर ऐकून घ्या. टाकीचा विषय त्यांनीच काढला तर तुमचं मत शांतपणे सांगा, ते बदलायची गरज नाही. गेल्या पिढीतली अशी बरीच माणसं टीका पचवतात, अंगावर आलेलं पचवत नाहीत. ते दार उघडणारच नाहीत अशीही शक्यता आहे. मग बरोबरच्या वडीलधाऱ्यांजवळ निरोप ठेवून या आणि आठ दिवसांनी एकदाच पुन्हा जा.

बापूंकडं जाऊन आल्यावरच ग्रुपवर लिहा. क्रम उलटा झाला तर गावाला दाखवण्यासाठी माफी मागितली असं होतं. मजकूर पाच ओळींचा :

"परवा मी टाकलेल्या व्हिडिओत बापूंचं नाव जिथं टाकलं ते चूक होतं. त्यांना घरी जाऊन भेटलो, माफी मागितली. महाभारताबद्दल मनात अनादर नव्हता. ज्यांना खटकलं त्यांचीही क्षमा मागतो. टाकीला पाणी का नाही हा माझा प्रश्न आहे तसाच आहे, तो मी ग्रामसभेत विचारीन."

'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य टाळा. भावना दुखावल्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. त्या 'असतील तर'मुळं ऐकणाऱ्याला वाटतं की दोष त्याच्याच भावनेत काढला जातोय. 'फक्त गंमत होती' हेही नको. आणि शेवटची ओळ कुणाच्या सांगण्यावरून गाळू नका. चुकीची माफी मागताना बरोबर असलेलं मतही सोडून दिलं, तर उद्या गावात दुसरा कुणी टाकीबद्दल तोंड उघडणार नाही.

मित्र 'झुकू नको' म्हणतात त्यांना हाच मजकूर दाखवा. यात कुठं झुकणं आहे ते त्यांनी सांगावं.

चौकातला व्हिडिओ मात्र करू नका. ज्यांना लागलं त्या बापूंनी तो मागितलेला नाही, पॅनलनं मागितला आहे. एकदा तो दुसऱ्याच्या फोनमध्ये गेला की निवडणूक संपेपर्यंत, नंतरही, तुमच्या आणि तुमच्या पोरांच्या पाठीमागं फिरत राहील, आणि त्यावरही कुणीतरी नावं चिकटवील. दबावाखाली हात जोडून केलेले असे व्हिडिओ आज सगळीकडं फिरतात. त्यातून कुणाचं मन सांधलं गेलं असं दिसत नाही, बघणाऱ्याला फक्त दहशत कळते. चुलतभावाला फोनवर नाही, काकूंच्या समोर, घरी बसून सांगा : "दादा, बापूंची माफी मी त्यांच्या घरी मागितली. ग्रुपवरही लिहिलं. तुमच्या पॅनलचीच तीन नावं टाकली हेही एकतर्फी झालं, ते मला मान्य आहे. पण व्हिडिओ करणार नाही." तो चिडेल. त्याच्या पॅनलमध्ये त्यालाही कुणाला तरी उत्तर द्यावं लागत असेल, म्हणून दुसरं वाक्य त्याच्या हातात द्या. त्याला परत जाऊन सांगायला काहीतरी मिळतं.

पोलिसांच्या भीतीबद्दल. 'सोशल मीडियावर टाकलं की अटक' अशी जी धास्ती आहे ती बरीचशी आयटी कायद्याच्या ६६ए कलमाची आहे, आणि ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. आज धार्मिक भावना दुखावल्याचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९९. त्यासाठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेलं कृत्य असावं लागतं. गटागटांत वैर वाढवण्याचं कलम १९६. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि न्यायालयानं दखल घेण्याआधी सरकारची परवानगी लागते. मार्च २०२५मध्ये एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापानं जोखायचा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नव्हे. बदनामी, म्हणजे कलम ३५६, अदखलपात्र आहे. त्यासाठी तक्रारदारालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जावं लागतं. ठाण्यातून फोन आला तर घाबरून पळू नका आणि एकटे जाऊन काही लिहूनही देऊ नका. 'नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे हजर राहण्याची, लेखी नोटीस द्या, ठरल्या वेळी हजर होतो' असं नम्रपणे सांगा आणि तालुका न्यायालयातल्या वकिलाला बरोबर न्या. फोन फॉरमॅट करण्याची चूक करू नका. त्यामुळं साधी गोष्ट संशयास्पद दिसते.

शिक्षकांची काळजी मात्र समजून घ्या. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा तसा संगनमताचा हेतू असल्याशिवाय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये तसा निकाल दिला आहे. पण जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७च्या वर्तणूक नियमांमुळं राजकारणापासून लांब राहावं लागतं, आणि खोट्या तक्रारीनंही बदलीचं, चौकशीचं झेंगट लागू शकतं. त्यांनी आणखी दोघांना, दोन्ही बाजूंच्या एकेकाला, अ‍ॅडमिन करावं, दोन दिवस 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे सेटिंग लावावं, आणि ग्रुपच्या माहितीत एक ओळ टाकावी की इथं निरोप, बाजारभाव, सरकारी सूचना एवढंच. राजकारणाच्या चर्चेला हवा असेल त्यानं वेगळा ग्रुप काढावा, ज्याला यायचं तो येईल.

बायकोचं म्हणणं : ग्रुप आत्ता सोडू नका. तुम्ही बाहेर पडलात हे अ‍ॅडमिनला दिसतं आणि दुपारपर्यंत गावाला कळतं, शिवाय तुमची पाच ओळींची माफी टाकायला जागाच उरत नाही. म्यूट करा. महिन्याभरानंतर सोडायचे ते सोडा. पण त्यांना भीती कशाची वाटते ते एकदा नीट विचारा, कारण किराणा दुकानात आणि बचत गटात गावाचे टोमणे त्यांनाच ऐकावे लागत असतील.

दुकानाचं नुकसान तुकड्यामुळं जितकं झालं त्याहून जास्त दुकानाच्या नंबरामुळं झालं. स्टेटस चोवीस तासांत गेलं, पण ज्या नंबरावरून गिऱ्हाइकाला खत आल्याचा मेसेज येतो त्याच नंबरावरून नावं दिसली. त्याला वाटलं, आपण ज्याच्याकडं उधारी करतो तो आपल्या पुढाऱ्याची टर उडवतोय, उद्या आपल्या पावतीवर हात आखडेल. आजच दुसरं सिम घ्या. दुकानाच्या नंबरावर बियाणं, भाव, फवारणी, एवढंच. गेलेल्या गिऱ्हाइकांना मेसेज करू नका, फोन करा, आणि तोही व्हिडिओच्या विषयासाठी नको : "दादा, तुमचं सोयाबीन बियाणं यंदा कोणतं ठेवू? उगवण बघूनच देतो, मागल्या वर्षीचाच हिशेब." ज्यांना यायचं ते पेरणीआधी येतील. काही पुढच्या हंगामात येतील. पॅनलचे दोन-चार मुळीच येणार नाहीत, तेवढं धरून माल भरा.

आणि टाकी. ती तुमच्या पत्रात सुरुवातीला होती आणि भांडणात हरवली. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. कामाचा आदेश कधीचा, ठेकेदार कोण, किती बिल दिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणाच्या सहीचा, टाकीला पाणी कुठल्या उद्भवातून (पाण्याच्या स्रोतातून) येणार होतं आणि तो उद्भव उन्हाळ्यात आटतो का, एवढे पाच प्रश्न विचारा. दोन्ही पॅनलचा काळ येईल अशा तारखा टाका. योजना केंद्राच्या जलजीवन मिशनची असेल तर माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं असं तिचं मोजमाप आहे, ते ग्रामसभेत बोलताना कामाला येईल. अर्जाची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो.